मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटावर धो धो पाऊस, आणि आपण जहाजावर: पहिल्यांदा क्रूझला जाणाऱ्यांसाठी

आम्ही ह्यूस्टनला राहतो, गॅल्व्हेस्टनचं बंदर गाडीने तासाभरावर, त्यामुळे भारतातून कोणी आलं की नायगारा वगैरे नंतर, आधी क्रूझ, असं आमच्याकडे जवळपास ठरूनच गेलंय. पाच क्रूझ झाल्या आत्तापर्यंत. त्यात तीनदा बंदरावर पाऊस लागला. पहिल्यांदा लागला तेव्हा आम्ही अगदी शाळेच्या सहलीला निघाल्यासारखे सकाळी आठला सासू-सासऱ्यांना घेऊन खाली उतरलो, टॅक्सी करून बीचवर गेलो, छत्री उलटी झाली, सासूबाईंची साडी गुडघ्यापर्यंत भिजली, तिथल्या झोपडीवजा हॉटेलात दीड तास उभं राहून महागडे नाचोज खाल्ले आणि साडेअकराला परत आलो तर गँगवेला (जहाजात चढायच्या पुलाला) ही लांब रांग, कारण बाकीच्या दोन हजार लोकांनाही तीच अक्कल त्याच वेळी सुचली होती.

दुसऱ्यांदा उतरलोच नाही. आणि तो दिवस आख्ख्या क्रूझमधला सगळ्यात निवांत दिवस गेला. पण त्यासाठी एक गोष्ट माहीत असायला लागते जी ब्रोशरमध्ये कोणी लिहीत नाही: बंदरात उभं असलेलं जहाज आणि भर समुद्रात चालणारं जहाज ही दोन वेगळी जहाजं आहेत. बंदरात अर्धं जहाज बंद असतं. मग "राहूया वर, आहेच की सगळं" म्हणून थांबलात तर दुकान बंद, कॅसिनो बंद, डायनिंग हॉलला कुलूप, आणि पोरं विचारतायत आता काय. तर काय उघडं असतं, कधी असतं आणि भिजलेली गर्दी परत यायच्या आत काय उरकून घ्यायचं, एवढंच सगळं गणित आहे. क्रमाने सांगते.

आदल्या रात्री

रात्री जेवण झालं की जहाजाच्या ॲपवर उद्याचा कार्यक्रम येतो, काही जहाजांवर अजून केबिनमध्ये कागदही ठेवतात. ॲप चालवायला इंटरनेटचं पॅकेज लागत नाही, जहाजाचा वायफाय पकडला की पुरे, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि उगाच पैसे भरतात. त्यात उद्याच्या बंदरासमोर "पाऊस ७० टक्के" दिसलं तर लगेच हाय खायची नाही. कॅरिबियनचा पाऊस आपल्या आषाढासारखा नसतो. कोकणात एकदा लागला की तीन दिवस सूर्य दिसत नाही, तिथं बहुतेक वेळा वीस मिनिटं, अर्धा-पाऊण तास असा बडवून काढतो आणि मग लख्ख ऊन, जमिनीतून वाफा. हवामानाचं ॲप मात्र दिवसभराला एकच ढगाचं चित्र दाखवतं आणि माणूस घाबरतो.

टक्केवारी सोडा आणि सॅटेलाइटचं चित्र बघा. मायामीतल्या नॅशनल हरिकेन सेंटरच्या साइटवर आणि अमेरिकन हवामान खात्याच्या पानांवर हे फुकट मिळतं (याला मात्र इंटरनेट लागतं, तेव्हा आदल्या बंदरात असतानाच बघून घ्यायचं). सुटे सुटे ढग असतील तर उद्या सरी येणार-जाणार. एकच मोठी गोधडी पांघरल्यासारखी दिसत असेल तर मात्र दिवस गेला समजा. जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम, त्यातही १० सप्टेंबरच्या आसपास जोर सगळ्यात जास्त. खऱ्या वादळाची काळजी तुम्ही करायची नसते, जहाज त्या बाजूला जातच नाही, कॅप्टन आख्खा रस्ता बदलतो, कोझुमेल म्हणून निघालेले लोक बहामाजला उतरल्याची उदाहरणं भरपूर आहेत. उलट डिसेंबर-जानेवारीत पाऊस कमी पण उत्तरेकडून थंड वारं येतं, त्याला तिकडे "नॉर्ते" म्हणतात, ते आलं की कोझुमेलचा पश्चिमेकडचा किनारा, म्हणजे जिथं क्रूझचे धक्के आहेत तोच, खवळतो आणि छोट्या बोटींना बंदर बंद करतात. स्नॉर्केलिंग (नळीने श्वास घेत पाण्यात पोहणं), कॅटामरान बोटीची सफर, सगळं रद्द, ऊन पडलेलं असलं तरी.

बेटाप्रमाणेही फरक पडतो. अरुबासारखं सपाट कोरडं बेट असेल तर पाऊस लागणं हेच नवल, तिथं वर्षाला साधारण ४५०-५०० मिलिमीटर पडतो, आपल्या पुण्यापेक्षा कमी. आणि डॉमिनिका, सेंट लुशिया अशी डोंगराळ बेटं असतील तर डोंगर ढग अडवतो, घाटमाथ्यासारखंच, तिथं पाऊस धरूनच चालायचं.

सहलीचे पैसे, हे आदल्या रात्रीच बघा

जहाजाकडून बुक केलेली एक्स्कर्शन "पाऊस पडतोय म्हणून आम्ही येत नाही" असं म्हणून परत करता येत नाही. रद्द करायची मुदत साधारण २४ ते ४८ तास आधीची असते, कंपनीप्रमाणे बदलते, ॲपवर लिहिलेली असते. पण त्यांनीच रद्द केली तर पूर्ण पैसे परत. जहाज बंदराला लागलंच नाही तरी परत, आणि त्या बंदराचे टॅक्स-फी पण बहुतेक वेळा तुमच्या जहाजावरच्या खात्यात जमा होतात. म्हणून ढगाळ दिसतंय म्हणून घाईघाईने तुम्हीच रद्द करू नका, मुदत संपली असेल तर सकाळपर्यंत थांबा, कदाचित तेच रद्द करतील. बाहेरच्या माणसाकडून बुक केलं असेल तर त्याचे नियम वेगळे, बुक करतानाच "जहाज लागलं नाही तर काय" हा एक प्रश्न विचारून ठेवायचा.

ग्रँड केमनचं खास सांगते, तिथं जॉर्जटाउनला मोठ्या जहाजांसाठी धक्काच नाही. जहाज लांब उभं राहतं आणि छोट्या बोटीने, म्हणजे टेंडरने, किनाऱ्यावर नेतात. समुद्र खवळला की टेंडर बंद. कधी कधी दक्षिणेच्या बाजूला स्पॉट्स नावाची जागा आहे तिथून उतरवतात, तेही जमलं नाही तर बंदर रद्द आणि तो दिवस समुद्रातला दिवस होतो. हे एका अर्थी बरंच, कारण मग जहाजावर सगळं उघडतं.

आता सकाळ

उठल्या उठल्या निर्णय घ्यायचा नाही! माझा नवरा पडदा सरकवून ढग बघतो आणि जाहीर करतो, "आज काही खरं नाही." त्याचं ऐकू नका. जहाज साधारण सातआठला लागतं, शेवटचं चढायची वेळ दुपारी तीनचार नाहीतर पाचची असते, मध्ये भरपूर वेळ असतो. नऊपर्यंत फक्त बघायचं. बाल्कनीत किंवा वरच्या डेकवर जाऊन वारा कुठून येतोय ते बघा. त्या भागात वारा बहुतेक पूर्वेकडून येतो, त्यामुळे पाऊसही तिकडूनच चालत येतो, समुद्रावर करड्या पडद्यासारखा, आणि जहाजाच्या दहाव्या-बाराव्या मजल्यावरून तो येताना वीस मिनिटं आधी दिसतो. मुंबई-कोकणातल्या माणसाला हे शिकवायला लागू नये. माझे सासरे चिपळूणचे, त्यांनी वर बघून सांगितलं "दहा वाजता उघडेल, मग पुन्हा बाराला", आणि ॲपपेक्षा तेच बरोबर निघालं.

एक मोठी चूक इथं होते, ती घड्याळाची. जहाजाचं एक घड्याळ असतं आणि बेटाचं वेगळं असू शकतं. कोझुमेल ज्या राज्यात आहे त्या किंताना रोऊने २०१५ पासून घड्याळ बदललेलं नाही, वर्षभर एकच वेळ. मायामीहून उन्हाळ्यात निघालेलं जहाज जर मायामीच्याच वेळेवर चालत असेल तर बेटावरची वेळ त्याच्या एक तास मागे असते. म्हणजे जहाजावर साडेतीन वाजलेत आणि तुमचा फोन म्हणतोय अडीच. खाली उतरलेल्यांची बोट चुकते ती अशीच. पण वर राहिलेल्यांनाही हा फटका बसतो, कारण धक्क्याला लागल्यावर फोन केबिनमध्ये बसून सुद्धा मेक्सिकोचा टॉवर पकडतो आणि आपोआप वेळ बदलतो, मग तुम्ही मजेत "अजून तास आहे" म्हणून बसता आणि मसाजची वेळ निघून गेलेली असते, पैसे कापले जातात. माझ्या जावेचं झालंय असं. साधं मनगटी घड्याळ आणा, किंवा फोनची ऑटोमॅटिक वेळ बंद करा. आणि जहाज निघालं की फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर समुद्रातल्या रोमिंगचं बिल बघून चक्कर येईल.

नऊ ते साडेअकरा: हेच सोन्याचे तास

पाऊस असला तरी सकाळी बरेच लोक उतरतात, कारण सहलीचे पैसे भरलेले असतात. म्हणजे नऊ ते साडेअकरा जहाज रिकामं. लिफ्ट लगेच येते, कॉफीला रांग नाही, ज्या खुर्चीसाठी समुद्रातल्या दिवशी लोक पहाटे सहाला टॉवेल टाकून ठेवतात ती खुर्ची रिकामी. या अडीच तासात जे एरवी गर्दीमुळे होत नाही ते करायचं.

आधी केबिनमधून बाहेर पडा. खोली साफ करणारा माणूस याच वेळी येतो, तुम्ही आत लोळत राहिलात तर त्याची पंचाईत आणि तुमची खोली संध्याकाळपर्यंत तशीच. दिसला तर सांगा "आम्ही आज वरच आहोत, दहाला केली तरी चालेल", ते लोक मनापासून खूश होतात.

मग गरम पाण्याचा टब. हो, पावसातच. पोहण्याचा तलाव आणि टब साध्या पावसात चालू असतात, फक्त विजा कडाडायला लागल्या की सगळ्यांना बाहेर काढतात, घसरगुंड्या आणि सर्फिंगची मशीन तर वारा वाढला तरी बंद. तर रिमझिम पाऊस, खांद्यापर्यंत गरम पाणी, समोर धूसर झालेलं बेट, आणि आख्ख्या टबमध्ये आपण दोघंच. सासूबाई नुसत्या पाय सोडून बसल्या होत्या, म्हणाल्या, उन्हाला अर्थ नव्हता, हे बरंय. काही जहाजांवर काचेचं छत असलेला तलावाचा भाग असतो, रॉयल कॅरिबियन कंपनीवाले त्याला सोलॅरियम म्हणतात, तिथं मुलांना प्रवेश नसतो, पावसाच्या दिवशी ती जागा म्हणजे स्वर्ग, पण साडेअकरानंतर तिथं बसायला जागा मिळणार नाही. डेकवर चालताना मात्र जपून, ओलं लाकूड आणि रंगवलेलं लोखंड दोन्ही भयंकर घसरतं, स्लिपर नको, पट्ट्याचे फ्लोटर्स घाला. आणि निळा टॉवेल परत करायचा, हरवला तर वीस-पंचवीस डॉलर लावतात.

स्पा. बंदराच्या दिवशी स्पा रिकामा असतो म्हणून त्या दिवशी सवलत असते, सकाळी आठ-नऊला काउंटरवर जाऊन "आज पोर्ट डे ऑफर काय आहे" एवढंच विचारा. छोटे छोटे तीन प्रकार मिळून एक दर असं काहीतरी असतं. मला स्वतःला मसाजपेक्षा थर्मल सूटचा एका दिवसाचा पास परवडतो असं वाटतं, गरम फरशीच्या आरामखुर्च्या असतात, स्टीम असते, सॉना असते, आणि बाहेर पाऊस पडत असताना त्या गरम फरशीवर पडून राहणं म्हणजे चुलीपाशी शेकत बसल्यासारखं. दोन गोष्टी आधीच सांगते, बिलात १८-२० टक्के टिप आपोआप लागते, आणि मसाज संपल्यावर ती बाई तेलं-क्रीमं विकायला बसते, तेव्हा हसून "नो थँक यू" म्हणायचं आणि उठायचं. भिडेखातर काही घेऊ नका, मी घेतली होती, ती बाटली अजून बाथरूममध्ये आहे.

मुलं असतील तर किड्स क्लब. साधारण तीन वर्षांपासून पुढे, पण डायपर सुटलेला पाहिजे, हा नियम बहुतेक ठिकाणी कडक. बंदराच्या दिवशीही तो उघडा असतो आणि मुलं कमी म्हणून शिक्षकांचं लक्ष जास्त. आमची लेक पहिल्या दिवशी जाणार नाही म्हणून रडली आणि पावसाच्या दिवशी गेली ती जेवायलाही येईना.

मधेच भोंगा वाजला तर

याबद्दल कोणीच सांगत नाही आणि आमच्या सासूबाई जाम घाबरल्या होत्या. बंदरात असताना क्रूची कवायत असते. प्रवासी जहाजावर आग लागली तर काय आणि जहाज सोडायची वेळ आली तर काय, याचा सराव आंतरराष्ट्रीय नियमानुसार दर आठवड्याला करावाच लागतो आणि त्यासाठी बंदराचा दिवस सोयीचा. त्यामुळे अचानक घंटा, भोंगा, सात छोटे आणि एक लांब, क्रू लाइफजॅकेट घालून पळतोय, लाइफबोटी खाली सोडतायत असं सगळं दिसतं. आधी अनाउन्समेंट होते, त्यात "फॉर एक्झरसाइज" हे शब्द असतात, ते ऐकू आले की प्रवाशांनी काही करायचं नाही, चहा प्यायचा. तेवढा वेळ काउंटर, बार वगैरे बंद असतात, अर्धा-एक तास. मुलांना मात्र रेलिंगपाशी नेऊन दाखवा, लाइफबोट पाण्यात उतरताना बघणं हा फुकटचा शो आहे.

जेवण

समुद्रातल्या दिवशी मोठा डायनिंग हॉल दुपारी उघडा असतो, बंदराच्या दिवशी बऱ्याच जहाजांवर नसतो. पैसे देऊन जेवायची रेस्टॉरंट्सही दुपारी बहुतेक बंदच. मग राहतो बुफे, पिझ्झा, आणि तलावाशेजारचा बर्गरचा काउंटर, जो छत नसेल तर पावसात बंद करतात. आणि पाऊस वाढला की भिजलेले सगळे बाराच्या आसपास परत येऊन थेट बुफेत घुसतात. म्हणून साडेअकराच्या आत जेवून घ्या, लवकर वाटलं तरी. खिडकीजवळचं टेबल पण मिळतं.

भारतीय जेवणाची चिंता असेल तर, बुफेत एखादी डाळ किंवा भाजीची करी आणि भात बहुतेक मोठ्या जहाजांवर असतो. चव आपली नसते पण पावसात गरम डाळ-भात मिळाला की तक्रार करवत नाही. जैन जेवण लागत असेल तर ते बुकिंगच्या वेळीच कळवायचं असतं, जहाजावर चढून सांगितलं तर ओढाताण होते. रात्रीच्या डायनिंग हॉलमध्ये मात्र आदल्या दिवशी हेड वेटरला सांगून ठेवलं तर शाकाहारी भारतीय काहीतरी करून देतात, आणि इथं आपला एक फायदा आहे. जहाजांवर गोव्याची, मुंबईची, वसईची, कोकणातली माणसं खूप आहेत, गोव्यात तर जहाजावर जाणं ही पिढ्यानपिढ्यांची नोकरी. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव आणि देश लिहिलेला असतो. आम्हाला बुफेत एक मालवणकडचा मुलगा भेटला, पाऊस म्हणून काम जरा कमी होतं, सासऱ्यांशी अर्धा तास मालवणीत गप्पा मारल्या त्याने, आणि संध्याकाळी कुठूनतरी हिरव्या मिरच्या आणि लिंबू आणून ठेवलं टेबलावर. त्यानेच सांगितलं की बंदरात असलं तरी क्रूमधल्या ठरावीक लोकांना आळीपाळीने जहाजावर थांबावंच लागतं, आणि ज्यांना सुट्टी असते ते पळत खाली जातात ते फिरायला नाही तर फुकटचा वायफाय शोधून घरी फोन करायला. अशा माणसाशी बोला पण कामाच्या वेळी फार अडकवून ठेवू नका, त्यांना सुपरवायझर असतो.

घरचं खाणं नेता येतं का हे सगळेच विचारतात. डब्यातलं घरी केलेलं नाही, पण कंपनीचं सीलबंद पाकीट, म्हणजे चिवडा, भडंग, चकली, हे सहसा चालतं. पावसाच्या दुपारी बाल्कनीत बसून भडंग, बाकी काही लागत नाही. राइस कुकर, इलेक्ट्रिक किटली, इस्त्री मात्र जप्त करतात. आणि पाऊस थांबल्यावर खाली उतरलात तर बुफेतलं केळं-सफरचंद पर्समध्ये टाकू नका, फळं आणि खाणं किनाऱ्यावर न्यायला बंदी असते, धक्क्यावर कुत्री हुंगायला उभी असतात.

साडेबारा ते तीन, कंटाळ्याची वेळ

ही खरी परीक्षा. जहाज भरलेलं, सगळे आत, दुकानं आणि कॅसिनो बंद (बंदरात असताना कस्टम्स आणि जुगाराच्या स्थानिक कायद्यांमुळे ते बंद ठेवतात, जहाज निघून समुद्रात लांब गेलं की उघडतात, म्हणून दारावर जाऊन धडका मारू नका). थिएटरमध्ये दिवसा काही नसतं किंवा कलाकारांची तालीम चालू असते. ट्रिव्हिया, म्हणजे प्रश्नमंजुषा, असतो पण त्यात ऐंशीच्या दशकातली अमेरिकन गाणी विचारतात, आमचे पाचातले दोन गुण येतात. बिंगो म्हणजे आपला हाउजी, पण तिकीट महाग.

म्हणून पत्ते आणा घरून. दोन कॅट. काही जहाजांवर पत्त्यांची खोली असते, लायब्ररी असते, तिथं किंवा कुठल्याही बंद असलेल्या बारच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसा, कोणी काही म्हणत नाही. आम्ही बदाम सात खेळत होतो तर शेजारचं टेक्ससचं म्हातारं जोडपं बघत बघत येऊन बसलं आणि तासाभरात ती बाई सत्त्या दाबून ठेवायला शिकली. मेंढीकोट त्यांना समजावता समजावता मात्र आम्ही हरलो.

नाहीतर झोपा! सुट्टीवर आलोय म्हणून दुपारी झोपणं पाप नाही. धक्क्याला बांधलेलं जहाज हलत नाही फारसं, त्यामुळे ज्यांना समुद्र लागतो त्यांना याच दिवशी खरी झोप मिळते. टेंडरच्या बंदरात जहाज नांगरून किंवा तसंच उभं असतं तेव्हा मात्र डोलतं. त्यासाठी आलेपाक जवळ ठेवा, क्रूवाले हिरवं सफरचंद खायला सांगतात, आणि उलटीच्या गोळ्या आधीच डॉक्टरला विचारून आणा, वयस्कर लोकांना त्यांनी फार झोप येते.

मध्येच उघडलं तर

दोन सरींच्या मध्ये दीड-दोन तास मिळाले तर खाली एक चक्कर मारायला हरकत नाही, पण लांब जायचं नाही. तुलुमचे माया संस्कृतीचे अवशेष वगैरे कोझुमेलहून म्हणजे आधी पाऊण तास फेरीबोट आणि मग बस, ते पावसाच्या दिवशी डोक्यातून काढून टाका. धक्क्याला लागून दुकानं असतात तेवढ्यात फिरा. बहामाजच्या नासाउला धक्क्यापासून चालत जाण्यासारखं स्ट्रॉ मार्केट आहे, पोर्टो रिकोतल्या सॅन वानचं जुनं शहर तर धक्क्यासमोरच सुरू होतं, फक्त तिथले निळसर दगडी रस्ते ओले झाले की साबणासारखे. सेंट मार्टिनच्या फिलिप्सबर्गला फ्रंट स्ट्रीटवर दागिन्यांच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत बरेच सिंधी व्यापारी आहेत, हिंदीत भाव करता येतो आणि पाऊस असेल तर चहाही मिळतो.

छत्री नेऊ नका, वाऱ्याने उलटतेच, पातळ पाँचो, म्हणजे डोक्यातून घालायचा रेनकोट, बरा. फोन आणि पैसे झिपवाल्या पिशवीत. जहाजाचं कार्ड आणि एक फोटो आयडी, बहुतेक बंदरांत पासपोर्ट तिजोरीतच ठेवलेला बरा (आदल्या रात्रीच्या सूचनेत काही वेगळं लिहिलं असेल तर तसं करा). परत येताना ढग दिसले की सगळ्यांच्या आधी निघा, सगळ्यांबरोबर नाही. वर चढताना बॅगा मशीनमधून जातात आणि ती मशीन दोन-तीनच असतात, रांगेला छत असेलच असं नाही.

निघायची वेळ

शेवटच्या अर्ध्या तासात धक्क्याच्या बाजूला रेलिंगपाशी जागा पकडा. उशिरा आलेले लोक पिशव्या सांभाळत पावसात धक्क्यावरून पळत येतात आणि वरून हजारभर लोक टाळ्या वाजवतात, थोडं दुष्ट आहे पण आम्हीही वाजवतो. मग जाडजूड दोर सुटतात, आणि बंदराबाहेर आलं की पायलटची, म्हणजे बंदरातून जहाजाला वाट दाखवणाऱ्या स्थानिक माणसाची, छोटी बोट जहाजाला खेटून धावते आणि पायलट दोरीच्या शिडीवरून तिच्यात उतरतो, चालत्या जहाजातून, पावसात. सासरे म्हणाले दिवसभराचे पैसे इथंच वसूल झाले.

ओले कपडे, हा शेवटचा विषय

हे आधी लिहायला हवं होतं खरं तर. कपडे बाल्कनीत वाळत घालू नका, उडून जातात आणि परवानगीही नसते. बाथरूममध्ये ओढून लावायची दोरी असते, तिच्यावर दोन-तीन कपडे मावतात. केबिनच्या भिंती लोखंडी असतात, चुंबकाचे हुक नेले की भिंतभर टांगता येतं, चार हुक पुरतात. कार्निव्हल कंपनीच्या बऱ्याच जहाजांवर नाणी किंवा कार्ड टाकून स्वतः धुवायची-वाळवायची मशीन असतात, रॉयल कॅरिबियनवर नसतात, तिथं पिशवीत भरून द्यायचे आणि पैसे मोजायचे. बूट भिजले तर आत कोरडा टॉवेल कोंबून रात्रभर ठेवा, जीन्स मात्र केबिनच्या एसीत दोन दिवस वाळत नाही, म्हणून पावसाळी महिन्यात जीन्स आणूच नका.

आणि पावसाचं बंदर शेवटचं असेल तर नीट लक्ष द्या. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दहा-अकराच्या आत केबिनबाहेर ठेवायच्या असतात, त्या थेट दुसऱ्या दिवशी टर्मिनलमध्ये मिळतात. ओले कपडे वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि सकाळी घालायचा एक कोरडा जोड हातातल्या बॅगेत, हे आधी बाजूला काढायचं आणि मग बॅग बंद करायची. सासऱ्यांनी उत्साहाने सगळ्यांच्या आधी बॅग भरून बाहेर ठेवली, आत उरली फक्त दिवसभर भिजलेली पँट, आणि सकाळी गॅल्व्हेस्टनला इमिग्रेशनच्या रांगेत ते पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात उभे होते. ऑफिसरने पासपोर्ट बघितला, पायजमा बघितला, आणि काही न विचारता शिक्का मारला.